ग्राहकाची एचटीएमएल फाइल उघडली, तर डाउनलोड्समधली बाकीच्यांची कागदपत्रं बाहेर जाऊ शकतात का?

टायपिंगवाली_भाऊसिंगजी_रोड

नमस्कार. भाऊसिंगजी रोडला माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून वकिलांच्या ज्युनिअरची ये-जा खूप वाढली. सकाळी कोर्ट बसायच्या आत प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, जुन्या निकालांच्या प्रती. मग दिवसभर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म. सीपीआर हॉस्पिटलला पेशंट घेऊन आलेले लोक आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती काढायला येतात, ते वेगळंच.

हे सगळं येतं कसं, तर व्हॉट्सॲप वेबवरून, मेलवरून नाहीतर पेनड्राइव्हवरून. आणि जातं कुठं, तर डाउनलोड्स फोल्डरमध्ये. संध्याकाळी फोल्डर उघडलं की एकाखाली एक दिसतं: कुणाचं घटस्फोटाचं प्रतिज्ञापत्र, त्याखाली कुणाच्या वडिलांचा एमआरआय रिपोर्ट, त्याखाली एका पोरीचं बारावीचं मार्कशीट, त्याखाली कुणाचं तरी कर्जमंजुरीचं पत्र. ही माणसं माझ्यावर विश्वास ठेवून कागद देतात. रात्री शटर ओढायच्या आधी मी फोल्डर रिकामं करते, पण दिवसभर तर ते भरलेलंच असतं.

आता मुद्दा. परवा एक काका बँकेचं विवरणपत्र प्रिंट काढायला आले. बँकेनं पीडीएफ पाठवलेली नव्हती, एचटीएमएल फाइल होती, म्हणजे वेबपेजसारखी ब्राउझरमध्ये उघडणारी. डबल क्लिक केलं, क्रोम उघडला, त्यांनी जन्मतारखेचा पासवर्ड टाकला आणि विवरण दिसलं. माझा भाचा शेजारी उभा होता, डिप्लोमाला आहे. त्यानं वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं कुठल्या वेबसाइटचं नाव नव्हतं, 'फाइल', मग कोलन, तीन तिरक्या रेघा आणि पुढं माझ्या सी ड्राइव्हचा पत्ता. मग त्यानं नवीन टॅब उघडून नुसतं सी, कोलन आणि तिरकी रेघ टाकून एंटर मारलं. 'इंडेक्स ऑफ सी' म्हणून अख्ख्या ड्राइव्हची यादी क्रोममध्ये आली! तो म्हणाला, "मावशी, ब्राउझरला हे सगळं दिसतंय, मग त्या एचटीएमएलमधल्या कोडला का दिसणार नाही?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारते. अशी फाइल उघडल्यावर शेजारच्या फाइली वाचल्या जाऊ शकतात का? कधी कुणाच्या बाबतीत असं खरंच झालंय का? दुकानात दोन मशीन आहेत, दोन्ही विंडोज १०, एकावर क्रोम आणि एकावर फायरफॉक्स. कृपा करून नुसतं 'काही होत नाही' म्हणू नका आणि उगीच घाबरवूही नका. काय खरं आहे तेवढं सांगा.

---

पंचगंगा_घाट

ताई, भाच्यानं नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, याच विषयाशी रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या यादीबद्दल. सी ड्राइव्हची यादी ब्राउझर तुम्हाला दाखवतो, वेबसाइटला नाही. इंटरनेटवरच्या पानानं तुमच्या डिस्कवरची फाइल उघडायचा प्रयत्न केला तर क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही सरळ नाकारतात. फॉर्म भरताना तुम्ही 'चूज फाइल' दाबून एखादी फाइल निवडता, तेव्हा साइटला तेवढी एक फाइल मिळते, आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये होती हेही तिला कळू देत नाहीत. पानाला खऱ्या पत्त्याच्या जागी 'सी, फेकपाथ' असा खोटा पत्ता मिळतो. म्हणजे नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी कडक आहेत.

या नियमांचा पाया म्हणजे एका साइटच्या पानानं दुसऱ्या साइटचं काही वाचायचं नाही. १९९५ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर २ सोबत हे आलं. पण दोन पानं एकाच साइटची आहेत की नाहीत हे ठरवायचं कशावरून? पत्त्यातल्या नावावरून. आणि तुमच्या डिस्कवरून उघडलेल्या फाइलला साइटचं नावच नसतं! तिथं प्रत्येक ब्राउझरनं आपापल्या समजुतीनं ठरवलं, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गोम इथंच आहे.

क्रोम डिस्कवरची प्रत्येक फाइल वेगळी मानतो. शेजारच्या फाइलशी तिचा संबंध नाही. फायरफॉक्स मात्र बरीच वर्षं एकाच फोल्डरमधल्या फाइलींना एका वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं धरायचा, सगळी आपलीच माणसं. त्यामागं कारण होतं, कुणी अख्खं वेबपेज डिस्कवर सेव्ह केलं तर त्याचे भाग एकमेकांना सापडायला हवेत. पण परिणाम असा की डाउनलोड्समध्ये उतरलेली एखादी वाईट एचटीएमएल फाइल उघडली, तर ती त्याच डाउनलोड्समधल्या बाकीच्या फाइलींची यादी घेऊन त्या वाचू शकत होती आणि वाचलेलं बाहेर पाठवू शकत होती. २०१९ मध्ये बराक ताविली या संशोधकानं हे करून दाखवलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं त्याला सीव्हीई-२०१९-११७३० हा क्रमांक दिला (सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या चुकांची नोंद अशा सीव्हीई क्रमांकानं होते) आणि जुलै २०१९ च्या फायरफॉक्स ६८ मध्ये ती पद्धतच बदलली. आता तिथंही प्रत्येक फाइल वेगळी.

मोझिलाच्या त्या सूचनेत आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या धंद्याला फार लागू पडते. अँड्रॉइडवरच्या एका लोकप्रिय मेसेजिंग ॲपमधून आलेल्या फाइली ठरावीक साच्याच्या नावानं फोनमध्ये साठतात. नावं अंदाजानं ओळखता येतात. त्यामुळं त्या ॲपवर कुणी वाईट एचटीएमएल फाइल पाठवली आणि ती फायरफॉक्समध्ये उघडली, तर इतर लोकांनी पाठवलेल्या फाइलीही वाचता यायच्या. हेही लुइजी गुबेल्लो या संशोधकानं प्रत्यक्ष दाखवून दिलं होतं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ताज्या क्रोममध्ये आणि ताज्या फायरफॉक्समध्ये नुसत्या उघडण्यानं शेजारच्या फाइली वाचता येत नाहीत. आणि 'ताज्या' हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिलाय. आज दोन्ही मशीनवर 'अबाउट' उघडून आवृत्ती बघा.

---

शाहूपुरी_लेखा

आमच्या ऑफिसात आम्ही क्लायंटचं सगळं इनकॉग्निटोमध्ये उघडतो. खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. ताई, तुम्हीही तसंच करा, विषय संपला. शिवाय चांगला अँटिव्हायरस असेल तर एवढी काळजी कशाला? मला तरी हे सगळं प्रयोगशाळेतलं वाटतं, गल्लीतल्या दुकानापर्यंत कोण येतंय?

---

पंचगंगा_घाट

शाहूपुरीकर, तुमच्या दोन्ही गोष्टी लोक मनापासून खऱ्या मानतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

इनकॉग्निटोमध्ये इतिहास आणि कुकीज जातात. उतरवून घेतलेली फाइल जात नाही. ती डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. गेस्ट मोडचंही तेच. तुमच्या ऑफिसातलं डाउनलोड्स फोल्डर आत्ता उघडून बघा, क्लायंटचे फॉर्म सोळा आणि बॅलन्सशीट तिथंच असतील.

आणि प्रयोगशाळेतलं म्हणाल, तर ऑगस्ट २०१५ चं प्रकरण ऐका. एका रशियन बातम्यांच्या साइटवर जाहिरात लागली होती. त्या जाहिरातीतला कोड फायरफॉक्सच्या आतल्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागातल्या चुकीचा फायदा घेऊन वाचणाऱ्याच्या डिस्कवर फाइली शोधायचा आणि एका सर्व्हरवर पाठवायचा. तो सर्व्हर युक्रेनमध्ये असावा असं दिसत होतं. कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं. बातमी वाचायला गेले, बस्स. कोडी क्रूझ नावाच्या माणसानं ५ ऑगस्टला मोझिलाला कळवलं, दुसऱ्याच दिवशी ३९.०.३ ही दुरुस्त आवृत्ती आली. क्रमांक सीव्हीई-२०१५-४४९५.

तो कोड काय शोधत होता ते बघण्यासारखं आहे. विंडोजवर फाइलझिलासारख्या एफटीपी प्रोग्रॅमच्या, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगच्या फाइली, चॅटच्या खात्यांची माहिती. लिनक्सवर कमांडचा इतिहास, सर्व्हरच्या चाव्या, आणि ज्यांच्या नावात 'पास' किंवा 'ॲक्सेस' आहे अशा मजकुराच्या फाइली. म्हणजे ज्यानं कुणी लिहिला, त्याला माणसं फाइलींना काय नावं देतात हे पक्कं ठाऊक होतं. आणि मोझिलानं तेव्हाच सांगितलं होतं की मशीनवर याची काही खूण राहत नाही. अँटिव्हायरसनं मागाहून काय शोधायचं? फाइल जागच्या जागी असते, फक्त तिची प्रत गेलेली असते. मला या प्रकारातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं, ज्याचं गेलं त्याला कधी कळतच नाही.

---

उद्यमनगर_कॅड

भावा, चांगलं लिहिलंस. आता माझं सांग. उद्यमनगरात माझं जॉबवर्क आहे. कास्टिंगवाल्यांची ड्रॉइंग येतात, पंपाच्या बॉडीची, व्हॉल्व्हची, त्यावरून पॅटर्न आणि फिक्श्चर करतो. एक जुनं मशीन विंडोज ७ वर आहे, कारण सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि त्याचं डोंगल, म्हणजे लायसन्ससाठी मशीनला लावायची यूएसबी चावी, नव्या विंडोजवर चालत नाही. पार्टी मेलवर ड्रॉइंग पाठवते, पोरगं त्याच मशीनवर क्रोम उघडून मेल बघतं आणि ड्रॉइंग उतरवून घेतं. क्रोम लई दिवसांपासून 'हे आता अपडेट होणार नाही' असं दाखवतोय. एका पार्टीचं ड्रॉइंग दुसऱ्या पार्टीच्या हातात गेलं तर माझा धंदा बसला म्हणून समजा. नवं मशीन घेणं सोपं आहे, सॉफ्टवेअर परत घेणं परवडत नाही.

---

पंचगंगा_घाट

दादा, तुमची अडचण ताईंच्यापेक्षा मोठी आहे. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर काय झालं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोम ११६ आला, त्यात सीव्हीई-२०२३-४३५७ ही चूक दुरुस्त केली. क्रोमचा एक्सएमएल (माहिती साठवायचा एक प्रकार) हाताळणारा भाग बाहेरून आलेला मजकूर नीट तपासत नव्हता, आणि खास तयार केलेल्या पानामार्फत फाइलींवरची बंधनं ओलांडता येत होती. म्हणजे ताई ज्याबद्दल विचारतायत तोच प्रकार, क्रोममध्ये. तुमच्या मशीनवर ११६ कधीच येणार नाही. वाईट याचं वाटतं की दुरुस्ती झाली की चूक कुठं होती हेही जगाला कळतं. नव्या मशीनवाल्यांना त्याचं काही नाही, जुन्या मशीनवाला उघडा पडतो.

फायरफॉक्सनं विंडोज ७ साठी ११५ ही लांब मुदतीची आवृत्ती चालू ठेवली आणि तिची मुदत वाढवत नेली, पण त्यावर कायमचं विसंबता येणार नाही. माझं ऐकाल तर त्या मशीनची नेटची वायरच काढा. मेल साध्या नव्या मशीनवर बघायचा, ड्रॉइंग तिथं उतरवायचं, पेनड्राइव्हनं जुन्या मशीनवर न्यायचं. पोराला थोडी ये-जा करावी लागेल. पण डोंगलवाल्या सॉफ्टवेअरला इंटरनेट लागत नसेल, तर त्या मशीनवर ब्राउझर असायचं काही कारणच उरत नाही.

---

शाहूपुरी_लेखा

मघाशी लिहिल्यावर ऑफिसातलं डाउनलोड्स बघून आलो. तुम्ही म्हणता तसंच निघालं. आता एक जुनी शंका विचारतो. टेंडर आणि डिजिटल सहीच्या कामासाठी आमच्याकडं एक मशीन इंटरनेट एक्सप्लोररसह तसंच ठेवलंय. आम्ही रोज क्रोमच वापरतो, मग ते नुसतं असून काय बिघडतं?

---

पंचगंगा_घाट

बिघडतं. एप्रिल २०१९ मध्ये जॉन पेज या संशोधकानं दाखवलं की एमएचटी प्रकारची फाइल, म्हणजे एक्सप्लोररची अख्खं वेबपेज एका फाइलीत साठवायची जुनी पद्धत, उघडली तर एक्सप्लोरर ११ मार्फत डिस्कवरच्या फाइली बाहेर पाठवता येतात. आणि विंडोजवर एमएचटी फाइल डबल क्लिक केली की एक्सप्लोररच उघडायचा, मग तुम्ही रोज काहीही वापरत असा. मायक्रोसॉफ्टनं तेव्हा पुढच्या एखाद्या आवृत्तीत विचार करू असं कळवून ते प्रकरण बंद केलं, म्हणून त्यानं सगळं उघडपणे मांडलं. १५ जून २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोरर ११ ला निवृत्तच केलंय. ज्या पोर्टलला तसंच काही लागतं, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे, तेवढ्या साइटपुरता तो वापरा.

---

टायपिंगवाली_भाऊसिंगजी_रोड

सगळ्यांचे आभार. दोन्ही ब्राउझर बघितले. क्रोम ताजा होता, पण वर 'रीलाँच'चं बटण कधीपासून तसंच होतं, कारण दिवसभर टॅब उघडे असतात आणि गर्दीत बंद करवत नाहीत. आता दुपारी जेवायच्या सुट्टीत दोन्ही मशीनचे ब्राउझर बंद करून परत चालू करायचे असं मुलीला सांगितलंय.

पण मला एक गोष्ट अजून खटकते, पंचगंगादादा. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या चुका दुरुस्त झालेल्या आहेत. उद्याची चूक आज कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी माझं फोल्डर भरलेलं असेल त्याचं काय? बँकेची एचटीएमएल उघडू नका म्हणाल तर काकांना परत पाठवायचं का? ते कसबा बावड्याहून बस बदलून आले होते.

---

पंचगंगा_घाट

काकांना परत पाठवायचं नाही. आणि ती फाइल कोड न चालवता उघडायचीही सोय नाही, कारण पासवर्ड तपासून विवरण उलगडायचं काम त्या फाइलीतला जावास्क्रिप्टच, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोडच, करतो.

यासाठी विंडोजमध्येच चांगली सोय आहे, आणि मला ती ब्राउझरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त भरवशाची वाटते. मशीनवर दुसरं खातं काढा, 'ग्राहक' नाव द्या, प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नाही. एचटीएमएल, झिप, अनोळखी मेलमधलं काहीही, हे फक्त त्या खात्यात उघडायचं. तिथला ब्राउझर त्या खात्याच्या हक्कानं चालतो आणि विंडोज एका खात्याला दुसऱ्याच्या डाउनलोड्समध्ये जाऊ देत नाही. उद्या ब्राउझरमध्ये नवी चूक निघाली तरी ती वाचणार काय, तर त्या रिकाम्या खात्यातलं.

यात दोन ठिकाणी लोकांचं काम फसतं. एक म्हणजे डी ड्राइव्ह. आपल्याकडं मशीन जोडून देणारा माणूस सवयीनं डी ड्राइव्ह करून देतो आणि सगळं महत्त्वाचं तिथं टाकायला सांगतो. खात्यांची आपोआप मिळणारी आडकाठी फक्त सी ड्राइव्हवरच्या ज्याच्या त्याच्या फोल्डरला असते. डी ड्राइव्हवर टाकलेलं साधारणपणे मशीनवरच्या सगळ्या खात्यांना उघडतं. तेव्हा कोर्टाची कामं डी वर असतील तर आजच हलवा.

दुसरं. 'ग्राहक' खात्यात शिरून तुमच्या मुख्य खात्याचं फोल्डर मुद्दाम उघडून बघा. परवानगी नाही असं सांगून विंडोज खाली 'कंटिन्यू' असं बटण देईल. ते दाबलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतं. तिथं 'कॅन्सल' करायचं. एकदा पासवर्ड देऊन आत गेलात की विंडोज त्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी कायमची देऊन टाकतं, परत विचारत नाही, आणि केलेली सगळी मांडणी वाया जाते. दुकानात बसणाऱ्या मुलीला ही एक गोष्ट नक्की दाखवून ठेवा. पासवर्डही तिला सांगू नका, म्हणजे तिच्यावर भार नको.

झिपचं नाव घेतलं त्याचं कारण सांगतो. २०२२ मध्ये इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना क्रोममध्ये सीव्हीई-२०२२-३६५६ सापडली. फाइलीच्या जागी नुसता दुसऱ्या फाइलीकडं नेणारा दुवा ठेवता येतो, त्याला सिमलिंक म्हणतात. एखादी फसवी साइट तुम्हाला झिप देते, ती उलगडून आतली फाइल परत आमच्याकडं अपलोड करा म्हणते. तुम्ही दिसतेय तीच फाइल निवडता, आणि क्रोम त्या दुव्यामागं जाऊन भलतीच फाइल उचलून पाठवायचा, तेही न विचारता. क्रोम १०८ मध्ये हे पूर्ण बंद झालं. तुमचं दिवसभराचं काम अपलोडचंच आहे, म्हणून सांगितलं. कुणी आणलेली झिप उलगडून, कुणी सांगितलेल्या अनोळखी साइटवर चढवायची वेळ आली, तर तेही 'ग्राहक' खात्यातूनच.

आणखी एक बघा. क्रोमचं एक्स्टेन्शन्सचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, पान उघडा, एकेकाच्या 'डिटेल्स'मध्ये जा. 'अलाऊ ॲक्सेस टू फाइल यूआरएल्स' अशी एक खिट्टी असते. ती मुळात बंद असते. पीडीएफ जोडणारी, मराठी फाँट बदलणारी एक्स्टेन्शन्स टाकताना कुणीतरी ती चालू करून दिलेली असते. तसं असेल तर बंद करा. इथं ब्राउझरच्या चुकीचा प्रश्नच नाही, आपणच दिलेली परवानगी असते.

---

उद्यमनगर_कॅड

वायर काढली. पोरगं कुरकुरलं, पण काढली. डोंगलला नेट लागत नाही, सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू आहे. ताई, खात्याचं मी पण माझ्या मेलच्या मशीनवर केलं. डी ड्राइव्हचं खरं आहे, दुसऱ्या खात्यातून सगळी ड्रॉइंग जशीच्या तशी उघडत होती. आता हलवली.

---

टायपिंगवाली_भाऊसिंगजी_रोड

'ग्राहक' खातं दोन्ही मशीनवर केलं. भाच्याकडून करून घेतलं आणि मुलीला शेजारी बसवून दाखवलं. एका पीडीएफच्या एक्स्टेन्शनला ती परवानगी खरंच चालू होती, आमच्यापैकी कुणी केलेली नव्हती. बंद केली.

शेवटचं विचारते. वकिलांचं सगळं काम पीडीएफमध्ये असतं. ते दिवसभर दुसऱ्या खात्यात उघडत बसणं जमणार नाही, गर्दीच्या वेळी तर नाहीच. पीडीएफ एचटीएमएलपेक्षा बरी ना? की तिच्यातही तसंच? काही ज्युनिअर फाइलीला पक्षकाराचं पूर्ण नाव आणि दाव्याचा प्रकार देऊन पाठवतात, मी ती तशीच ठेवते, म्हणजे शोधायला सोपं.

---

पंचगंगा_घाट

बरी आहे, पण अगदी निर्धोक नाही. मे २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागात सीव्हीई-२०२४-४३६७ निघाली. पीडीएफमधल्या फाँटची माहिती वाचताना तिच्यात दडवलेला जावास्क्रिप्ट चालायचा. कोडिअन लॅब्सच्या थॉमस रिन्स्मा यांनी शोधली, फायरफॉक्स १२६ मध्ये दुरुस्त झाली. २०१५ नंतर मोझिलानं हा भाग बराच आवळलेला असल्यामुळं त्यातून डिस्कवरच्या फाइली थेट वाचता येत नव्हत्या. पण उघडलेल्या पीडीएफचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता कळत होता, म्हणजे फोल्डरचं नाव, फाइलीचं नाव सगळं.

आता तुमच्या दुकानात ते नाव काय असतं बघा. पक्षकाराचं नाव, आडनाव, पुढं 'घटस्फोट' किंवा 'पोटगी'. फाइल न उघडताच अर्धी गोष्ट बाहेर गेली की! नेहमीच्या वकिलांच्या पीडीएफ मुख्य खात्यात उघडायला हरकत नाही, ब्राउझर ताजा असला की पुरे. पण नाव बदलून ठेवा.

आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा पासवर्ड असतो, तो प्रिंट काढताना टाकला तरी डिस्कवरची फाइल कुलूपबंदच राहते. तेव्हा परत पासवर्ड टाकायला नको म्हणून 'प्रिंट टू पीडीएफ' करून उघडी प्रत कुणी साठवत असेल, तर ती सवय मोडा.

---

टायपिंगवाली_भाऊसिंगजी_रोड

हे पटलं. गर्दीच्या वेळी मी तसंही टोकन देते. आजपासून फाइल उतरली की नावाच्या जागी टोकनचा नंबर टाकतोय, वहीत नंबरसमोर वकिलांचं नाव. सकाळच्या घाईत मुलीला जरा जड गेलं, दुपारपर्यंत हात बसला. उघड्या आधारच्या प्रती दुसऱ्या मशीनवर एका जुन्या फोल्डरमध्ये सापडल्या, त्या काढून टाकल्या आणि रिसायकल बिनही रिकामं केलं.

त्या बँकेच्या काकांनाही फोन केला. नेटबँकिंगमधून तेच विवरण पीडीएफमध्ये मिळतं, कसं घ्यायचं ते पुढच्या वेळी आले की त्यांच्या मोबाइलवर दाखवून देते.